ओटी किती बसला?

सात तारखेला पगार झाला की आमच्या कारखान्यातले कामगार एकमेकांना पगार विचारायचे नाहीत. पगार ठरलेला, तो सगळ्यांना ठाऊक. विचारायचे ते एवढंच, “ओटी किती बसला?” ओटी म्हणजे ओव्हरटाइम. खोलीचं भाडं आणि किराणा पगारातून भागायचा. गावाकडे पाठवायचे पैसे, गाडीचा हप्ता, बहिणीच्या लग्नाची उचल, हे सगळं ओटीवर. एखाद्या महिन्यात ऑर्डर कमी आली आणि ओटी बंद झाला, तर आम्हाला टाइम ऑफिसात बसून ते कळायचं. खिडकीशी उचल मागणाऱ्यांची संख्या वाढायची.

नाशिकला अंबड एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग करणारा तो कारखाना. मी टाइम ऑफिसला क्लार्क म्हणून लागले आणि बरीच वर्षं तिथेच होते. पंचिंगचा डेटा काढायचा, खाडे लावायचे, सुपरवायझरच्या सहीच्या ओटी स्लिपा गोळा करायच्या, महिनाअखेरीस तास जुळवून पगारपत्रक अकाउंट्सला द्यायचं. कार्ड पंच करायचं मशीन जाऊन अंगठ्याचं आलं, मग चेहऱ्याचं आलं, काम तेच. आधीचे हेडक्लार्क वयस्कर आणि कडक होते. त्यांच्या खणात कारखाने अधिनियमाचं कव्हर निघालेलं पुस्तक असायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्यातली कलमं पाढ्यासारखी म्हणायला लावली. कलम 51, आठवड्याला 48 तास. कलम 54, दिवसाला 9. कलम 55, सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती. कलम 56, विश्रांतीसह सगळं मिळून साडेदहा तासांत आवरायचं. आणि 59, म्हणजे 9 किंवा 48 च्या वर गेलेल्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. “बाकी विसरलीस तरी चालेल, 59 विसरू नकोस. माणूस भांडायला येतो तो 59 वरच,” असं ते म्हणायचे.

माणसं भांडायला फारशी यायची नाहीत, हे मला पुढे कळलं. कारण 59 प्रमाणे डबल फक्त स्लिपवरच्या तासांना मिळायचा, आणि सगळे तास स्लिपवर येत नसत. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. ज्यांना थांबवायचं, त्यातल्या काहींना सुपरवायझर सांगायचा, पंच मारून या आणि परत लाइनवर उभे राहा. हे वरचे तास वेगळ्या वहीत जायचे आणि पगारात ‘प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह’ या नावाखाली सिंगल दराने यायचे. बाहेरून पाहणाऱ्याला ही सरळसरळ लूट वाटेल. आहेच. पण तिला कायद्यानेच एक आडोसा दिला होता. ओटीला तिमाहीची मर्यादा होती, महाराष्ट्रात आधी 75 तासांची. म्हणजे महिन्याला सरासरी 25. मोटारींच्या धंद्यात डिस्पॅचची बोंब महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात असते. 25 तास त्या एका आठवड्यात सहज उडायचे. त्यापुढचे तास कागदावर आले असते तर कंपनी नियमभंगात सापडली असती. म्हणून ते कागदावर यायचे नाहीत. कामगाराला जास्त राबवू नये म्हणून घातलेली मर्यादा शेवटी त्याच्या डबलच्याच आड यायची.

2015 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून ही मर्यादा 115 तासांवर नेली. तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांनी गेटवर भाषणं केली. मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे निघाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणारे डॉ. आंबेडकर आणि 1946 साली 54 तासांचा आठवडा 48 वर आणणारी दुरुस्तीही निघाली. भाषणं खरी होती. पण टाइम ऑफिसात मी जे पाहिलं ते सांगायला हवं. पुढच्या तिमाहीपासून वेगळ्या वहीतले बरेच तास स्लिपवर आले. महिन्याला 25 ऐवजी 38 तास उघडपणे दाखवता येऊ लागले आणि त्यांना डबल द्यावा लागला. काही जणांच्या हातात खरोखरच जास्त पैसे पडले. त्यामुळे तास वाढवणारा प्रत्येक बदल कामगाराच्या मुळावरच येतो, असं मी म्हणणार नाही. फक्त त्याच वर्षी पगारवाढीचा करार लांबला. व्यवस्थापनाचं म्हणणं असं की हातात तर वाढून येतंयच की.

सुरगाण्याकडचा एक प्रेस ऑपरेटर होता. मला ताई म्हणायचा. शिक्षण सातवी, पण हिशेबाला पक्का. घरच्या कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात तो पेन्सिलीने ओटीचे तास लिहायचा. स्लिपवरचे असतील तर नुसता आकडा, पंच मारून परत उभं राहिलेले असतील तर आकड्याभोवती गोल. महिना संपला की ते पान फाडून, चार घड्या घालून खिशात ठेवून यायचा आणि खिडकीच्या कट्ट्यावर पसरायचा. पानाच्या मागे राशिभविष्य आणि उपासाच्या पदार्थांची कृती, पुढे त्याचा ओटी. माझा हिशेब आणि त्याचा हिशेब फारसा चुकत नसे. चुकला तर अर्ध्या तासाने, आणि तो अर्धा तास त्याचाच बरोबर निघायचा, कारण शिफ्ट इनचार्ज स्लिपवर तास खाली ओढून लिहायचा. तो कधी आवाज चढवायचा नाही. पानावर बोट ठेवून म्हणायचा, “ताई, एवढं बघा.” मी स्लिप परत पाठवायचे.

याच प्रेस शॉपमध्ये एकदा संध्याकाळी पावणेसातला एका मुलाची दोन बोटं गेली. कंत्राटदाराचा कामगार, पहिल्या पाळीचा. सेन्सर बिघडला होता, की जॉब लवकर निघावा म्हणून बंद ठेवला होता, यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण आमच्या टेबलावर आलेला प्रश्न वेगळा होता. मशीनच्या नोंदीप्रमाणे तो 3 वाजून 34 मिनिटांनी बाहेर पडला होता. मग पावणेसातला प्रेसवर कोण होतं? अपघाताचा अहवाल ईएसआयला जाणार. नोकरीवर असताना इजा झाली हे त्यात यायला हवं. तरच रजेच्या काळात वेतनाच्या 90 टक्क्यांप्रमाणे पैसे आणि पुढे बोटांच्या नुकसानीचं निवृत्तिवेतन. हजेरीत माणूस घरी गेलेला असेल तर या सगळ्याला पायाच उरत नाही. रात्री नऊपर्यंत वरच्या मजल्यावर खलबतं चालली. कंत्राटदाराचं म्हणणं होतं, तो डबा विसरला होता म्हणून परत आत आला असं लिहू. एचआरचे साहेब तयार झाले नाहीत. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्या दिवसाचा ओटी रीतसर दाखवला गेला. तो दाखवायचा म्हणून त्या महिन्यातले त्याचे आधीचे तासही दाखवावे लागले, आणि त्या मुलाला आमच्याकडे पहिल्यांदा कायद्याप्रमाणे डबल मिळाला. पे-स्लिप घ्यायला त्याचा भाऊ आला होता. रक्कम बघून तो म्हणाला, “चुकून जास्त आलेत का?”

ओटीचं रेकॉर्ड म्हणजे नुसते पैशाचे आकडे नसतात, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्या वर्षापुरतं तरी.

2020 चा उन्हाळा एमआयडीसीतल्या प्रत्येकाला आठवतो. मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसांचे लोंढे उत्तरेकडे चालत होते आणि इकडे कारखाने निम्म्या माणसांत सुरू करायचे होते. बऱ्याच राज्यांनी बारा तासांच्या पाळीचे आदेश काढले. गुजरातचा आदेश आम्ही मोबाइलवर वाचला, कारण आमच्या एका गिऱ्हाइकाचा प्लांट तिकडे होता. दिवसाला 12 तास, आणि वरच्या तासांना दुप्पट नाही, नेहमीच्याच दराने प्रमाणात. म्हणजे आमच्याकडे वहीत लपवून जे चालायचं, ते तिकडे राजपत्रात छापून आलं होतं. गुजरात मजदूर सभेने त्याला आव्हान दिलं आणि 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. कायद्यातली सूट ‘सार्वजनिक आणीबाणी’साठी आहे, युद्ध किंवा देशाच्या सुरक्षिततेला धोका अशा प्रसंगी. महामारीने आलेली मंदी त्यात बसत नाही, असा निकाल. मधल्या काळात केलेल्या ओटीचे पैसे द्या, असंही न्यायालयाने सांगितलं. आमच्या हेडक्लार्कना फोन करून मी हे कळवलं. ते तेव्हा निवृत्त होऊन ओझरला राहायला गेले होते. “59 म्हणजे 59,” एवढंच बोलले आणि भाजीचे भाव सांगायला लागले.

मग आला 3 सप्टेंबर 2025 चा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय. कारखान्यांत दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास, दुकानं-आस्थापनांत 9 वरून 10. कारखान्यातला ओटी तिमाहीला 115 वरून 144. विश्रांती 5 तासांऐवजी 6 तासांनंतर. साडेदहाचा विस्तार 12 वर. आणि ओटीसाठी कामगाराची लेखी संमती. बातमी आली तेव्हा मी कारखाना सोडलेला होता आणि घरूनच चार-सहा लहान युनिटांची पगारपत्रकं करत होते. आजही तेच करते. मालकांचे फोन आले ते संमतीपत्राचा नमुना मागायला. 12 तासांबद्दल कुणी फार विचारलं नाही, ते त्यांना नवं नव्हतं.

संमतीपत्राचं काय होतं ते सांगते. नवा मुलगा कामाला लागतो तेव्हा त्याच्यापुढे कागदांचा गठ्ठा येतो. अर्ज, पीएफचा फॉर्म, ईएसआयचं घोषणापत्र, वारसनोंद, सुरक्षिततेच्या सूचना वाचल्याचं पत्र, गणवेश मिळाल्याची पावती. जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते तिथे तिथे सही. संमतीपत्र त्या गठ्ठ्यात मधोमध बसतं. एका युनिटमध्ये मी स्वतः समोर होते. पेठकडचा एक आयटीआय झालेला मुलगा सह्या करता करता थांबला, तो कागद त्याने वाचला आणि विचारलं, “मॅडम, पुढे नको वाटलं तर हा परत घेता येतो का?” प्रश्न अगदी रास्त होता. मालक शेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले, “अरे, आधी ओटी लागू तर दे.” मुलाने सही केली. मालकांनी काही धमकी दिली नाही, देण्याची गरजही नव्हती. ज्या पगारात ओटीशिवाय महिना निघत नाही, तिथे नाही म्हणणाऱ्याचं कारखान्यापेक्षा घरचंच नुकसान आधी होतं.

बारा तासांचा खरा परिणाम मात्र मला ओटीपेक्षा पाळ्यांवर दिसतो. तीन पाळ्यांत मशीन चालवायचं तर तीन माणसं लागतात. तेच मशीन दोन बारा-तासांच्या पाळ्यांत चालवलं तर दोन. पहिल्या दोघांना रोज चार तासांचा डबल दिला, तरी तिसऱ्याचा पीएफ, ईएसआय, बोनस, रजा, बस हे सगळं वाचतं. 144 तासांत रोज चार तास बसत नाहीत हे खरं. महिन्याला 48 म्हणजे बारा दिवसच. पण महिनाअखेरच्या घाईला तेवढे पुरतात, आणि पूर्वी त्या घाईला बदली कामगार बोलावत. त्याच्या हातचं काम जातं आणि कुठल्या मस्टरवर ते दिसतही नाही. शिवाय बारा तासांत जायचा-यायचा वेळ धरलेला नाही. गरवारे पॉइंटला उतरून आत चालत येणाऱ्या बाईला घरून निघून घरी परतेपर्यंत चौदा तास होतील. सहा तासांनंतरच्या विश्रांतीबद्दल मी वाद घालत नाही. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला पाचवा आणि सहावा तास कसा जातो ते त्याने सांगावं.

एवढ्यात 21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि माझी पाठ केलेली कलमं इतिहासजमा झाली. 59 नंबर गेला. दुप्पट दर राहिला. संहितेत दिवसाला 8 तास लिहिलेत, ओटीला कामगाराची संमती हवी असंही लिहिलंय आणि तास दिवसावर किंवा आठवड्यावर, जे कामगाराच्या फायद्याचं त्यावर मोजायचे. ओटीची कमाल मर्यादा मात्र सरकारच्या नियमांवर सोडली आहे. वर्तमानपत्रांत तासांचीच चर्चा झाली. पण मी पगारपत्रक करणारी बाई आहे, माझी नजर गेली ‘वेतन’ म्हणजे काय या व्याख्येवर.

हिशेबच मांडते. समजा एका कायम ऑपरेटरचा एकूण पगार 31,200 आहे. महिन्याचे 26 दिवस, दिवसाचे 8 तास, म्हणजे 208 तास. तासाला 150 रुपये. जुन्या कायद्यात ओटीचा दर मूळ पगार अधिक भत्ते मिळून धरायचा, बोनस आणि ओटी सोडून. घरभाडं धरून. म्हणजे डबल झाला 300. नव्या व्याख्येत घरभाडं भत्ता आणि प्रवास भत्ता वेतनात येत नाहीत. फक्त अशी वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेली तर वरचा भाग वेतनात परत धरायचा. आता ज्या कंपनीने पगाराची मांडणी बरोबर निम्म्यावर आणून ठेवली, तिथे वेतन होतं 15,600. तासाला 75. त्याचा डबल 150. कायद्याने दुप्पट मिळाला, आणि हातात पडला जुना सिंगल.

उलटंही होतं, तेही सांगायला हवं. कित्येक लहान युनिटं जुना कायदा धाब्यावर बसवून ओटी नुसत्या बेसिकवर काढायची, आणि बेसिक ठेवलेलं असायचं पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. त्यांना आता निम्म्यावर यावं लागेल. तिथल्या कामगाराचा ओटी वाढेल, पीएफ वाढेल, ग्रॅच्युइटीही. म्हणजे फायदा झाला तो कायदा न पाळणाऱ्यांकडच्या कामगारांना, आणि तोटा होऊ शकतो तो कायदा पाळणाऱ्यांकडच्या. यावर हसावं की काय करावं मला कळत नाही.

आणखी एक जागा आहे. सुपरवायझरी काम आणि वेतन 18,000 च्या वर असलेला माणूस नव्या संहितेत ‘कामगार’ धरला जात नाही, आणि दुप्पट ओटी आहे तो कामगारालाच. गेल्या काही महिन्यांत माझ्याकडच्या दोन युनिटांत ‘सेल लीडर’ नावाचं पद निघालं. ते मशीनच चालवतात. त्यांच्या टोपीचा रंग तेवढा बदललाय. हुद्द्यावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून ठरतं, असं मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “पत्रात जबाबदाऱ्या लिहिल्यात ना.”

सुरगाण्याच्या त्या ऑपरेटरचा फोन मध्ये आला होता. तो अजून त्याच कारखान्यात आहे, आता कायम झालाय. पे-स्लिपचा फोटो पाठवून म्हणाला, “ताई, तास बरोबर आहेत, पैसे कमी आहेत.” मी त्याला वरचाच हिशेब फोनवर करून दाखवला. बराच वेळ गेला, कारण घरभाडं भत्ता कधी आणि किती वाढवला गेला हे त्याला आठवावं लागलं. वाढवला तेव्हा पेढे वाटले होते म्हणाला. युनियनने आता मागणी दिली आहे की करारात ओटीचा दर एकूण पगारावर बांधून द्या. कायदा कमीत कमी किती द्यायचं ते सांगतो, जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही. त्या कलमाचा मसुदा त्याने मला वाचायला पाठवला. त्यात ‘सर्व भत्त्यांसह’ एवढंच होतं. मी प्रत्येक भत्त्याचं नाव घालायला सांगितलं.

माझ्याकडच्या एका मालकांनी मात्र तोडगा काढून टाकला. जुने ऑपरेटर हातचे जायला नकोत म्हणून त्यांना एकूण पगारावर डबल, आणि डिसेंबरनंतर लागलेल्यांना नव्या मांडणीप्रमाणे. एकाच लेथवर पहिल्या पाळीला तीनशेचा तास आणि दुसऱ्या पाळीला दीडशेचा. पगारपत्रकात मी दोन वेगळे कॉलम केले आहेत. नव्या मुलांना अजून ते कळलेलं नाही; पण सात तारखेला तेही एकमेकांना विचारतातच, ओटी किती बसला.